शेतमालाचा मागोवा (यवतमाळ जिल्हा)

शेतमाल कोणाच्या शेतात पिकला, त्यावर काय फवारले, तो कुठे विकला गेला नि कुठे प्रक्रिया झाली, हे ग्राहकापासून मागे शेतापर्यंत पडताळता यावे यासाठीची नोंदव्यवस्था. व्यापारात हिला ट्रेसेबिलिटी म्हणतात. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष सापडले, निर्यातीला फटका बसला आणि २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात प्राधिकरणाने द्राक्षबागांच्या नोंदणीसाठी ‘ग्रेपनेट’ सुरू केले. नोंदणी नसलेल्या बागेचा माल युरोपला जात नाही. नाशिकच्या बागायतदाराला नोंदीचा फायदा बिलातच दिसतो.

यवतमाळचा शेतकरी मात्र मुख्यतः कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर घेतो. कापूस खेडा खरेदीत, बाजार समितीत किंवा सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर जातो आणि जिनिंगच्या आवारात अनेकांचा माल एकाच गंजीत पडतो. रुईची एक गाठ १७० किलोची. तिला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. सीसीआयच्या गाठीवरच्या क्यूआर कोडमधून खरेदीचे गाव, कारखाना, विक्रीची तारीख कळते. माग गावाशी थांबतो, शेताच्या बांधापर्यंत पोचत नाही. तुरीचे दालमिलमध्ये वेगळे काही होत नाही.

शेतकऱ्याला नोंदीचा कंटाळा आहे ही समजूत शहरी आहे. २०२१ पासून तो ई-पीक पाहणी करतो, म्हणजे आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर स्वतः करतो. २०२५ मध्ये सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली, तीही त्याने केली, कारण पलीकडे हमीभाव होता.

अडते ते वेगळ्या ठिकाणी. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याला, गावच्या भाषेत चोरबीटीला, परवानगी नाही. ते पेरणाऱ्याने वाणाचे खरे नाव लिहिणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे. फवारणीची नोंद याहून नाजूक. २०१७ च्या खरिपात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध सुचवतो कृषी केंद्राचा दुकानदार, मारतो मजूर. पण नोंदवहीत सही शेतकऱ्याची, म्हणून अवशेष सापडले की जबाबही त्यालाच. शिवाय बटईने शेती करणाऱ्याचा घाम सातबाऱ्यावरच्या मालकाच्या नावे नोंदला जातो.

सेंद्रिय गटांत तयारी जास्त दिसते. तिथे अपेडाच्या ‘ट्रेसनेट’वर गटाची नोंद असते, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या राज्य शासनाच्या सेंद्रिय शेती मिशननेही विदर्भात असे गट बांधले. मात्र रूपांतरणाच्या काळात वही सेंद्रिय शेतीची आणि भाव साध्या मालाचा, अशी दोन-तीन वर्षे काढावी लागतात.

खरेदी केंद्रावर भाव ठरतो तो ओलावा, धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा) पाहून. नोंदवहीला त्यात रकाना नाही. तो येईपर्यंत नोंदीचे कष्ट नि जोखीम शेतकऱ्याकडे आणि क्यूआर कोडचे मोल गाठ विकणाऱ्याकडे, ही वाटणी कायम राहील.