काष्टी ते वडाळा, १८७८ची गाडी

काष्टीचा शनिवारचा बाजार. रुमालाखाली बोटं चाचपत बैलाचा सौदा चाललाय. तुम्ही गर्दीतून वाट काढत रुळांपाशी येता आणि साल मागे सारता : १८७८. दौंड–मनमाड रेल्वे नुकतीच सुरू झालीय. दुष्काळ जेमतेम सरलाय. डब्यात समोर बसलेल्यांच्या गालफडांवरून ते कळतं.

नगरला उतरून बैलगाडीने वडाळा बहिरोबा गाठता. इथे सॅम्युएल फेअरबँक हे अमेरिकन पाद्री. यांना सुधारलेल्या नांगरांचा नाद आणि पाखरांचाही. पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात हे ‘फेअरबँकी’ होऊन बसलेत.

त्यांच्या चर्चबाहेर चपला काढा, आत चटईवर बसा. शेजारी बहुतेक महारवाड्यातली मंडळी. गावच्या विहिरीला हात लावायची यांना मुभा नाही. पलीकडे एक मांग कुटुंब, जरा अंतर राखून. ते अंतर बाप्तिस्म्याच्या पाण्याने लगेच धुऊन निघालं नाही, हे मिशनऱ्यांनाही ठाऊक होतं. पाणीही कपाळापुरतंच. ही अमेरिकन मराठी मिशनची मंडळी, बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्टिस्टांपैकी नव्हेत. 

तेवढ्यात कीर्तनकार उभा राहतो. टाळ, मृदंग, पूर्वरंग, सगळं ओळखीचं. आख्यान मात्र येशूचं. हा प्रकार नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी रुजवला, कृष्णराव सांगळे त्यातलं मोठं नाव. मागची म्हातारी डोळे मिटून ठेका धरते. पाद्रीसाहेबांच्या उपदेशाला ती पेंगत होती, हे तुमच्या नजरेतून सुटलेलं नाही.

आणखी मागे गेलात तर १८३१मध्ये नगरला मिशन उतरताना दिसेल, १८३३मध्ये तिथली पहिली मंडळी, म्हणजे चर्च, १८३९मध्ये हरिपंत खिस्ती यांच्या बाप्तिस्म्यावरून उठलेला गदारोळ. पुढे आलात तर १८९५मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती होतात, आणि मग भजनांना खरा कवी मिळतो.

माझं मत विचाराल तर नगरकडच्या खेड्यांत चर्च रुजलं ते बायबलइतकंच टाळांमुळे. दगडी भिंती बघायला जाऊ नका. रविवारी उपासनेच्या वेळी जा आणि मागच्या चटईवर बसा.