रॉकेट कवचाचे वितळजोडकाम

अतिबलवान पोलादाचे वळविलेले पत्रे व कडी यांच्या कडा वितळवून एकजीव करण्याची आणि त्यांपासून घन इंधनाच्या रॉकेटाचे कवच बनविण्याची प्रक्रिया. हे कवच इंधनाचे पात्र व ज्वलन कोठी अशी दोन्ही कामे करते. ते जाड केल्यास वजन वाढते, म्हणून पोलादाचे बल वाढवावे लागते. मात्र बल वाढते तसा पोलादाचा चिवटपणा कमी होतो. साध्या पोलादात निरुपद्रवी ठरणारी बारीक भेग येथे संपूर्ण कवच फोडू शकते आणि अशी भेग बहुधा जोडाच्या जागीच असते.

यावर उपाय म्हणून १९६० च्या सुमारास अमेरिकेत मॅरेजिंग पोलाद पुढे आले. त्यात सु. १८% निकेल, ८% कोबाल्ट व ५% मॉलिब्डेनम असून कार्बन अत्यल्प असतो. त्यामुळे जोडकामाच्या वेळी ते तुलनेने मऊ राहते व तडकत नाही. नंतर सु. ४८०° से. तापमानास काही तास ठेवले म्हणजे त्याचे बल साध्या बांधकामी पोलादाच्या सहा-सात पट होते.

तथापि केवळ धातू चांगला असून भागत नाही, हे १९६५ साली दिसून आले. अमेरिकेत ६·६ मी. व्यासाची, सु. १९ मिमी. जाडीची दोन प्रकारची कवचे या पोलादापासून बनविण्यात आली. त्यांपैकी चूर्णाच्या थराखाली विद्युत् प्रज्योतीने जोडलेले कवच एप्रिलमध्ये पाण्याच्या दाबाच्या चाचणीत नियोजित दाबाच्या निम्म्याहून थोड्या अधिक दाबालाच फुटले. जोडाजवळचा दोष तपासणीत निसटला होता. दुसरे कवच आर्गॉनसारख्या अक्रिय वायूच्या आवरणात टंगस्टन विद्युत् अग्राने जोडलेले होते. त्याचे रॉकेट सप्टेंबरमध्ये यशस्वीपणे प्रज्वलित झाले. पहिल्या पद्धतीत काम झपाट्याने होते. परंतु एकदम पुष्कळ उष्णता मिळून जोडाचा चिवटपणा घटतो. दुसरीत थोड्या उष्णतेने थरावर थर चढवितात. काम संथ, पण जोड भरवशाचा होतो.

भारतात एसएलव्ही-३ (यशस्वी उड्डाण १९८०) या वाहनाच्या १ मी. व्यासाच्या पहिल्या टप्प्यासाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमयुक्त पोलाद वापरले होते. १९९३ साली प्रथम उडालेल्या पीएसएलव्हीच्या २·८ मी. व्यासाच्या पहिल्या टप्प्यासाठी मॅरेजिंग पोलाद निवडण्यात आले. हैदराबादच्या मिश्र धातु निगम या संस्थेने ते देशातच तयार केले. कवचांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे साखर कारखान्याबरोबर वाढलेल्या यंत्रशाळेने साखरेच्या यंत्रसामग्रीकडून या कामापर्यंत मजल मारली. मुंबईत पवई येथील लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातही ही कवचे तयार होतात.

पत्रे वळवून जोडल्यावर प्रत्येक जोडाची क्ष-किरण व श्राव्यातीत तरंग यांनी तपासणी होते. सदोष भाग कोरून पुन्हा भरतात. परंतु दुरुस्तीने त्याच जागी पुन्हा उष्णता लागते, म्हणून पहिलाच जोड निर्दोष येणे महत्त्वाचे असते. शेवटी कवचाची पाण्याच्या दाबाने चाचणी घेतात. ३·२ मी. व्यासाच्या एस-२०० या मोठ्या रॉकेटाची कवचेही याच पोलादाची असून अशा दोन रॉकेटांच्या जोरावर एलव्हीएम-३ वाहनाने १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ अवकाशात नेले.