हस्तलिखित, मुद्रित आणि संगणकीय पान : अरबी वाचकाच्या पसंतीचा इतिहास

प्रस्तावना

ग्रंथालयातील वाचकाला मुद्रित ग्रंथ हवा असतो की संगणकाच्या पडद्यावरील, हा प्रश्न आज बहुतेक भाषांत विचारला जातो. २१ देशांतील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अभ्यासाच्या वाचनासाठी बहुसंख्यांनी मुद्रित पानाला कौल दिला. अशा पाहण्यांतून पसंतीचे प्रमाण कळते. ती कशी घडली हे मात्र कळत नाही. अरबी भाषेच्या बाबतीत त्यासाठी पाच शतके मागे जावे लागते. लिपीचे रूप आणि पाठाची विश्वसनीयता ज्या माध्यमाने राखली त्यालाच अरबी वाचकाने आपले मानले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

खिळ्यांचे मुद्रण आणि लिपीची अडचण

अरबी वर्णमालेत २८ अक्षरे असली तरी ती जोडून लिहिली जातात आणि शब्दातील स्थानानुसार एकेका अक्षराची चारपर्यंत रूपे होतात. साहजिकच छपाईसाठी शेकडो निरनिराळे खिळे लागत. सुट्या खिळ्यांनी छापलेले पहिले अरबी पुस्तक इटलीतील फानो येथे १५१४ मध्ये निघाले. ते ख्रिस्ती प्रार्थनांचे होते. पुढे १५३७-३८ च्या सुमारास व्हेनिसमध्ये पागानिनी पितापुत्रांनी कुराण छापले. त्यात अक्षरभेदाच्या चुका राहिल्या. ज्या लिपीत एका टिंबाने अक्षर बदलते, तिच्या वाचकाला असा धर्मग्रंथ ग्राह्य वाटणे शक्य नव्हते. आज त्याची एकच प्रत ज्ञात आहे.

उस्मानी सुलतानांच्या बंदीमुळे मुद्रण रखडले, असे अनेक ग्रंथांत सांगितले जाते; तथापि त्या फर्मानांच्या पुराव्याविषयी अलीकडच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. इब्राहिम मुतेफेरिका यांस १७२७ मध्ये इस्तंबूल येथे मुद्रणाची परवानगी मिळाली, ती धार्मिक ग्रंथ वगळून. १७२९ मध्ये त्यांनी छापलेला पहिला ग्रंथ अरबी-तुर्की शब्दकोश होता. इजिप्तमध्ये मुहम्मद अलीने १८२० च्या सुमारास कैरोतील बुलाक येथे सरकारी छापखाना स्थापन केला. १८२८ मध्ये ‘अल-वकाई अल-मिस्रिया’ हे शासकीय वृत्तपत्र सुरू झाले आणि अरबी मुद्रणाला स्थैर्य आले.

शिळाछापाचा मार्ग

मोरोक्कोतील अनुभव अधिक बोलका आहे. तेथे फेज शहरात १८६५ पासून ग्रंथ छापले जाऊ लागले ते शिळाछापावर. या पद्धतीत लेखनिकाच्या हातचे पान दगडावर उतरवून त्याच्या प्रती काढता येत. त्यामुळे मगरिबी लेखनाचे वळण कायम राहिले आणि हस्तलिखिताची सवय असलेल्या वाचकाला छापील ग्रंथ परका वाटला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शिळाछापखान्यांतूनही अरबी व फारसी ग्रंथ निघत होते. आपल्याकडील छापील पोथ्यांनी हस्तलिखिताचे आडवे रूप टिकवले, त्यामागेही हीच वृत्ती दिसते.

खिळ्यांवरील अविश्वास मात्र कायमचा नव्हता. १९२४ मध्ये कैरोतील विद्वानांच्या समितीने तपासलेली कुराणाची प्रत खिळ्यांनी जुळवून प्रसिद्ध झाली आणि ती दूरवर प्रमाण मानली गेली. विद्वानांनी पाठाची हमी दिल्यावर वाचकाने माध्यमाविषयीचा आक्षेप सोडला.

पडद्यावरील पान

संगणकयुगात जुनीच अडचण नव्या रूपाने उभी राहिली. १९९१ च्या युनिकोडमध्ये अरबी लिपीचा समावेश झाला. परंतु जोडाक्षरी वळण व टिंबे यांमुळे छापील पानाचे यंत्राद्वारे अक्षरांतर करताना चुका होतात. यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला, मूळ पानाची प्रतिमाच वाचकापुढे ठेवणे. दुसरा, नव्याने टंकलेल्या मजकुराला मुद्रित आवृत्तीचे पृष्ठांक देणे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या ‘अल-मक्तबा अश-शामिला’ या विनामूल्य संगणकीय ग्रंथसंग्रहात पुष्कळ ग्रंथांच्या नोंदीतच पृष्ठांक मुद्रिताबरहुकूम असल्याचे नमूद असते. शिळाछापाने हस्तलिखिताची प्रतिष्ठा उसनी घेतली होती; संगणकीय ग्रंथ ती मुद्रिताकडून घेतो. शोध पडद्यावर घ्यावा आणि संदर्भ मुद्रित पानाचा द्यावा, अशी विभागणी यातून सहज शक्य होते.

ग्रंथनाश आणि उपलब्धता

पसंतीला परिस्थितीच्याही मर्यादा असतात. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आग लागली. मोसुल विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय २०१४ ते २०१७ या काळातील ताबा व युद्धात उद्ध्वस्त झाले. ते २०२२ मध्ये पुन्हा उघडले. त्या परिसरातील ख्रिस्ती मठांच्या अनेक हस्तलिखितांच्या संगणकीय प्रतिमा आधीच घेतलेल्या असल्याने त्यांचा मजकूर तरी सुरक्षित राहिला. इजिप्तने २०१६ मध्ये नागरिकांसाठी ‘इजिप्शियन नॉलेज बँक’ सुरू केली. जेथे ग्रंथ जळाला आहे किंवा विकत घेणे परवडत नाही, तेथे वाचक पडद्याकडे वळतो तो गरजेपोटी. त्याची नोंद पसंती म्हणून करणे दिशाभूल करणारे ठरेल.

समारोप

जागेची टंचाई आहे आणि संगणकीय प्रत उपलब्ध आहे, एवढ्या आधारावर मुद्रित प्रती बाद करण्याचा मोह कोणत्याही महाविद्यालयीन ग्रंथालयाला होऊ शकतो. अरबीचा इतिहास येथे सावध करतो. पडद्यावरील पृष्ठांक ज्या आवृत्तीकडे बोट दाखवतो, ती आवृत्तीच कपाटात उरली नाही, तर पाठ पडताळण्याचे साधन हातचे जाते. संगणकीय प्रत ग्रंथाचा विमा आहे. परंतु पाठाची साक्ष अद्याप मुद्रित पानच देते. ग्रंथालयाने दोन्ही जपली पाहिजेत.