आसा अहिराची वीस हजार मेंढरे

दिवाळीचा पाडवा उलटून आठ-पंधरा दिवस झाले की आमच्या गिरणाकाठच्या गावात मेंढरे येत. आधी धुरळा दिसे, मग कुत्री भुंकत, आणि मग घोड्यावर लादलेला सारा संसार नजरेस पडे. वाघरीची गुंडाळी, खुंट, भांडीकुंडी, वर बांधलेल्या दोन कोंबड्या आणि त्यांच्याही वर झोळीत निजलेले पोर. आम्ही मुले उरलेसुरले फटाके टाकून तिकडे धावत असू. धुळे-साक्रीकडचे ते ठेलारी. कळपामागून चालणारा म्हातारा आमच्या ओट्याशी थांबे आणि आजोबांना विचारी, "आप्पा, तुमना वावरमा यंदा जागा शे का?"

आप्पा हे विचारण्याची वाटच पाहत असत. ज्वारी निघून वावर मोकळे झालेले असे. मग किती रात्री मेंढ्या बसवायच्या आणि त्याबद्दल किती पायल्या ज्वारी द्यायची, हे तमाखूच्या चिमटीबरोबर ठरे. संध्याकाळी वावरात खुंट ठोकून वाघर ताणली जाई आणि रात्रभर मेंढरे तिच्या आत बसत. सकाळी जमीन लेंड्यांनी काळी झालेली दिसे. दुसऱ्या रात्री वाघर दहा पावले पुढे सरके. असे करीत करीत सारे वावर खतवून होई. पुढच्या सालच्या पिकाकडे पाहून मेंढरे कुठवर बसली होती ते आंधळाही सांगेल, असे आप्पा म्हणत. आंधळा कसा सांगेल, हे विचारण्याची आमची छाती नव्हती.

पुढे इतिहासाची गोडी लागल्यावर ध्यानात आले की ज्यांना आम्ही दिवाळीचे पाहुणे समजत होतो, त्या गुराख्या-मेंढपाळांचा या भूमीशी संबंध आमच्या सातबाऱ्यापेक्षा पुष्कळच जुना आहे. आम्ही बोलतो ती अहिराणी म्हणजे अहिरांची बोली, आणि अहीर म्हणजे आभीर, गाईगुरे राखणारे लोक. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात या आभीरांचा ईश्वरसेन नावाचा राजा होऊन गेला. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. तिथल्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने काही रक्कम श्रेणींकडे कायमची ठेवली, असे त्यात कोरलेले आहे. राजवंश गुराख्यांच्या नावाचा आणि लेख औषधपाण्याचा, याचे मला अजून कौतुक वाटते.

पण खानदेशातला सर्वांत प्रसिद्ध मेंढरेवाला म्हणजे आसा अहीर. त्याची हकीकत फेरिश्ता या इतिहासकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवली. तो सांगतो की आसाजवळ पाच हजार गाई, पाच हजार म्हशी, वीस हजार मेंढरे आणि एक हजार घोड्या होत्या. हे आकडे फारच वाटोळे आहेत, हे उघड आहे. मेंढरे मोजणारा असे वाटोळे कधी मोजत नाही. तो "एक लंगडी धरून इतकी" असे सांगतो. तरी निम्मे सोडून दिले तरी उरते ती संपत्ती थोडी नव्हे. दुष्काळात आसाने गोरगरिबांना धान्य दिले आणि त्यांच्या हातांना काम म्हणून सातपुड्याच्या डोंगरावर तट बांधवून घेतला. तोच असीरगड. तो आज मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे.

पुढची कथा वाईट आहे. 1370 साली फिरोज तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेरची जहागीर दिली. आजच्या शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेरचा किल्ला आहे. मलिक राजाचा मुलगा नासिर खान 1399 मध्ये गादीवर आला आणि त्याचे लक्ष असीरगडावर गेले. त्याने आसाला निरोप धाडला की शत्रू चालून येत आहेत, माझा जनाना तुझ्या गडावर ठेवून घे. आसा भोळा आणि फारुकी घराण्याशी स्नेह राखणारा होता. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या, त्यांचा त्याने सत्कार केला. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या आणि त्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. त्यांच्या स्वागतासाठी मुलांना घेऊन पुढे आलेला आसा मुलांसह मारला गेला. गडाचे पुढे पुष्कळ नाव झाले. वीस हजार मेंढरांचे काय झाले ते फेरिश्ता सांगत नाही. इतिहासकारांना गडाच्या किल्ल्या सापडतात, कळप सापडत नाहीत.

आसाला एका दिवसात बुडवले. त्याच्यामागे राहिलेल्या मेंढपाळांना बुडवायला मात्र शे-दीडशे वर्षे लागली, आणि तीत तलवार कुठे दिसत नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशची काळी जमीन सोन्याच्या भावाची झाली. पडीक राने, कुरणे नांगराखाली गेली. रेल्वे आल्यावर लमाणांच्या बैलांच्या तांड्यांचे काम सरले. 1878 च्या जंगल कायद्याने सातपुड्यातली चराई पासाची आणि दंडाची झाली. सरकारला पशूंची कळकळच नव्हती असे मात्र नाही. भडगावला सरकारी शेत काढून नवी बी-बियाणी आणि नव्या रीती तिथे करून पाहिल्या. तापीकाठच्या खिल्लार बैलांची तारीफ तर त्या काळचे साहेब करीतच. नांगराला बैल हवा होता, म्हणून बैल दफ्तरात आला. मेंढरू मात्र बहुधा चराईच्या फीपुरतेच आठवे.

1899-1900 च्या दुष्काळात गुरे कडब्यावाचून तडफडून मेली. बुळकांडी तर पावसासारखी ठरलेली. तिच्यावरच्या लशीची कथा मात्र सांगण्याजोगी आहे. 1889 साली पुण्यात निघालेली जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा 1893 मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथे 1920 नंतरच्या दशकात एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचे विष शेळ्यांच्या अंगातून पुनःपुन्हा फिरवून सौम्य केले आणि त्याची लस केली. बैलाला शेळीने वाचवले म्हणा ना! 2011 साली हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

मेंढीकडे लक्ष गेले ते लोकरीसाठी. आमची दख्खनी मेंढी काळी, काटक, मैलोगणती चालणारी. तिची लोकर जाड. घोंगडीला ती उत्तम, पण विलायती कापडाला निरुपयोगी. म्हणून इंग्रजी अमलात आणि नंतरही मेरिनोचा संकर करून पाहिला. यातली गंमत पुढे उघड झाली. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला जातीच्या मेरिनो मेंढ्या एका वेळी दोन-तीन कोकरे देतात म्हणून नावाजल्या होत्या. त्यांचा तो गुण 1792-93 साली बंगालमधून तिकडे नेलेल्या मेंढ्यांतून आला असावा, असे जनुकांच्या परीक्षेवरून दिसून आले. सुंदरबनातल्या त्याच गारोळे मेंढीचा गुण फलटणच्या निंबकर संस्थेने दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' तयार केली. जे परदेशातून आणायला निघालो होतो, त्यातले थोडे आपल्याच अंगणातून गेलेले होते.

1978 साली अहिल्यादेवींच्या नावाने राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ निघाले. चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला त्याचे क्षेत्र आहे. पैदाशीचे चांगले नर कळपवाल्याला मिळावेत, हा अशा क्षेत्रांचा हेतू. 2017 पासूनच्या महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर अनुदानावर देण्याची सोय झाली. हे सारे चांगलेच. पण नर मिळतो, चरायला जागा कोण देणार?

हा प्रश्न मी दुसऱ्या कोणाला विचारू शकत नाही. 1969 साली गिरणा धरण पुरे झाले, पुढे आमच्याकडे पाणी खेळले आणि वडिलांनी केळी लावली. वावर बारा महिने हिरवे राहू लागले. आप्पा तोवर गेले होते. मेंढरे नेहमीप्रमाणे आली, म्हाताऱ्याने ओट्याशी तोच प्रश्न विचारला. वडील म्हणाले, "बाबा, आता जागा नाही. खत गोणीत येते." म्हातारा रागावला नाही. पाणी मागून प्याला आणि रस्त्याकडेने कळप पुढे घेऊन गेला. मी दारात उभा होतो आणि काही बोललो नाही. त्यानंतर ती मेंढरे आमच्या ओट्याशी आली नाहीत.

आता पुतण्या शेती पाहतो. माती कडक झाली, गोणीचा भाव चढला. पूर्वी मेंढ्या बसवल्याबद्दल ज्वारीच्या पायल्या देत, आता रात्रीमागे रोख रक्कम मोजावी लागते आणि तरी कळप मिळत नाही. उलट लोकरीला कोणी विचारीत नाही. कातरणाऱ्याची मजुरी मेंढपाळाच्या अंगावर पडते. गेल्या दिवाळीत पुतण्याने साक्रीकडच्या एका मेंढपाळाचा नंबर मिळवला. फोन त्याने माझ्याच हाती दिला, "काका, तुम्हीच बोला." पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. मी यंदा आमच्या वावरात मेंढ्या बसवाल का, असे विचारले. तो गडी थोडा वेळ कोणाशीतरी बोलला आणि म्हणाला, "दादा, तुमच्या आधी सात वावरं ठरेल शेत. पंधरा दिवस थांबा, मग सांगतो."

आम्ही थांबलो. वावर मोकळेच ठेवले होते.