पंडिता रमाबाईंना लाभलेली शांति

मनःशांति म्हणजे संसाराच्या धकाधकीपासून दूर गेलेल्या माणसाची स्वस्थता, अशी पुष्कळांची समजूत असते. ज्याला कांहीं करावयाचें उरलें नाहीं, ज्याचें कांहीं जावयाचें राहिलें नाहीं, त्यालाच ती साधते असें मानण्याकडे लोकांचा कल आहे. परंतु इतिहासांत अशींहि कांहीं चरित्रें आढळतात कीं, ज्यांत शांति आणि संकट हीं एकाच घरांत नांदलेलीं दिसतात. पंडिता रमाबाईंचें चरित्र हें त्यांपैकीं एक होय. श्रोत्यांपैकीं बहुतेकांस रमाबाई ठाऊक असतात त्या संस्कृत विदुषी म्हणून, शारदासदनाच्या संस्थापिका म्हणून, किंवा त्यांच्या धर्मांतरानें उठलेल्या वादळामुळें. त्यांच्या अंतःकरणाचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाहीं. ख्रिस्ती धर्म त्यांनीं १८८३ सालीं स्वीकारला. पण मनाला खरी शांति लाभली ती त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, असें त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मनिवेदनांत लिहून ठेविलें आहे. इतका विलंब कां लागला, आणि लाभलेली शांति पुढें कसोटीस कशी उतरली, हें पाहण्यासारखें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रांगेंतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित. त्यांनीं लोकापवादाची पर्वा न करितां पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, आणि पुढें त्या मातेनें तीच विद्या आपल्या कन्येस दिली. विद्यार्थी आणि यात्रेकरू ह्यांच्या आतिथ्यांत गांठचें द्रव्य संपलें, तेव्हां हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. देवळांत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावें, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, आणि उरेल तें दानधर्मांत घालावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला होता.

मद्रास इलाख्यांतील दुष्काळानें हा क्रम मोडला. भांडींकुंडीं, दागिने, वस्त्रें, होतें नव्हतें तें सारें विकून झालें. अंगमेहनतीचें काम कोणास ठाऊक नव्हतें, आणि भीक मागण्याची लाज वाटे. अखेर झाडाचा पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. अनंतशास्त्री १८७४ सालीं वारले. थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाईहि गेल्या. त्यांचें प्रेत उचलण्यास पुरेशीं माणसें मिळेनात, तेव्हां चौथ्या माणसाची जागा रमाबाईंनीं घेतली. आणि उंची कमी असल्यामुळें तिरडीचा दांडा त्यांना डोक्यावर धरावा लागला. पुढें वडील बहीण कृष्णाबाई पटकीनें गेली. मागें उरलीं तीं रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री. हीं दोघें भावंडें पायीं चालत थेट पंजाबापर्यंत गेलीं. थंडीच्या रात्रीं पांघरावयास कांहीं नसे. मग झेलम नदीच्या कांठीं वाळूंत खड्डे करून, मान तेवढी बाहेर ठेवून, कोरडी वाळू अंगावर ओढून तीं निजत.

ह्या भटकंतींत त्यांच्या देहाचे हाल झाले, त्याहून अधिक हाल श्रद्धेचे झाले. व्रतें, उपास, जप, तीर्थस्नानें हीं सर्व आईवडिलांनीं यथासांग केलीं होतीं, आणि मुलांनींहि पुढें चालविलीं होतीं. एवढें करूनहि देव प्रसन्न होत नाहीं, तर उणें कोठें पडलें, हा प्रश्न त्या कोंवळ्या मनाला छळूं लागला. तो प्रश्न ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण धर्म बदलल्यावरहि तोच प्रश्न वेगळ्या वेषांत त्यांच्यापुढें उभा राहिला.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या, आणि अवघ्या वीस वर्षांच्या ह्या स्त्रीचें नांव सर्व देशभर झालें. परंतु मानसन्मानानें मनाची पोकळी भरत नाहीं. १८८० सालीं बंधूंचें निधन झालें. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. पण फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें तेहि गेले. हातीं राहिली ती दहा महिन्यांची मनोरमा. पतीच्या घरींच रमाबाईंच्या दृष्टीस लूककृत शुभवर्तमानाचें बंगाली पुस्तक पडलें होतें. ख्रिस्ती धर्माशीं त्यांचा जिव्हाळ्याचा परिचय तेथून सुरू झाला.

पतिनिधनानंतर त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्यमहिलासमाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें, आणि १८८३ सालीं वैद्यकीचें शिक्षण घेण्याच्या उद्देशानें इंग्लंडचा रस्ता धरला. वाँटेज गांवीं ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्यांचा मुक्काम होता. लंडनजवळ फुलम येथें ह्या भगिनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं एक आश्रम चालवीत. ज्यांना सर्व समाजानें दूर लोटलें, त्यांची शुश्रूषा प्रेमानें होत असलेली पाहून रमाबाई विस्मित झाल्या. हें कशामुळें, असें विचारतां एका भगिनीनें त्यांना येशू ख्रिस्त आणि शमरोनी स्त्री ह्यांच्या भेटीची कथा वाचून दाखविली. ती कथा त्यांच्या काळजास भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथें कथा संपावयास हवी होती, असें पुष्कळांना वाटेल. पण ती संपली नाहीं. बरोबर आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिनें त्याच वर्षीं इंग्लंडांत आत्मघात केला होता. तो घाव ताजा होता. कानांनीं ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. शिवाय वाँटेजच्या वडीलधाऱ्या भगिनींशीं त्यांचा मतभेद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, अशा अनेक प्रश्नांवर रमाबाई स्वतःच्या बुद्धीनें विचार करीत, आणि पटल्यावांचून मान तुकवीत नसत. आहारांतहि त्यांनीं शाकाहार सोडला नाहीं. धर्म त्यांच्या बुद्धीस पटला होता, त्यांतील सेवाभाव हृदयास पटला होता. परंतु आपण देवाच्या पसंतीस उतरलों किंवा नाहीं ही जुनी टोंचणी कायम होती. पूर्वी व्रतांचा हिशेब होता, आतां प्रार्थनेचा आणि सदाचरणाचा. हिशेब कांहीं सुटला नव्हता.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, आणि बोस्टन येथें त्यांच्या कार्यास दहा वर्षें साह्य देण्यासाठीं मंडळ स्थापन झालें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. बाहेरून पाहणाऱ्यास हें यशाचें शिखर वाटलें असतें. ह्याच काळांत विल्यम हॅस्लम नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. हा मनुष्य दीक्षित धर्मगुरु असूनहि पुष्कळ काळ त्याचें मन अशांतच होतें, आणि ती अशांति त्यानें मोकळेपणानें सांगितली होती. तें वाचतांना रमाबाईंना जणूं आपलेंच प्रतिबिंब दिसलें. आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, पण ख्रिस्त सांपडलेला नाहीं, हें त्यांना कळून आलें. पात्रता मिळवून मग देवाजवळ जावयाचें नसतें. अपात्र असतांनाच त्याची कृपा स्वीकारावयाची असते, हा विचार त्यांनीं पूर्वीं वाचला होता, पण आतां तो अंगीं मुरला. लहानपणापासून चालत आलेला हिशेब त्या दिवशीं मिटला. त्यांच्या शांतीचें मर्म हेंच होय.

ती खरी होती कीं क्षणिक भावना होती, हें ठरविण्यास फार काळ लागला नाहीं. १८९३ सालीं शारदासदनावर वादळ कोसळलें. धर्माच्या बाबतींत संस्था तटस्थ राहील, ह्या वचनावर ती उभारलेली. आणि कांहीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात असें उघडकीस आलें. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, कोणावर सक्ति नाहीं, परंतु प्रार्थनेच्या वेळीं स्वतःच्या खोलीचें दार लावून घेणेंहि होणार नाहीं. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, परक्या छायेंत वाढणाऱ्या अजाण मुलींना उघडें दार हेंच आमंत्रण असतें. ह्या आक्षेपांत केवळ द्वेष होता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ‘केसरी’नें कडक टीका केली, न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे हितचिंतकहि सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. ज्या पुण्यानें अकरा वर्षांपूर्वीं गौरव केला, त्यानेंच पाठ फिरविली. रमाबाई डगमगल्या नाहींत, आणि उरलेल्या मुलींचें शिक्षण त्यांनीं पूर्ववत् चालू ठेविलें.

त्याहून मोठी परीक्षा दुष्काळानें घेतली. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत अन्नान्नदशा झाली. ती वार्ता ऐकतांच रमाबाईंना आपलें स्वतःचें अरण्य, पाला आणि आईचें प्रेत आठवलें असल्यास नवल नाहीं. आपल्या त्या अनुभवाविषयीं त्यांनीं १८९७ सालींच लिहिलें आहे. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीनें अस्थिपंजर झालेल्या शेंकडों मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेगचा कहर चालू होता. म्हणून पुणें-सोलापूर लोहमार्गावरील केडगांव येथें घेतलेल्या शेतावर तंबू आणि झोंपड्या उभारून त्यांची सोय करण्यांत आली. ‘मुक्ति’ ही संस्था अशी जन्मास आली. १९०० च्या सुमारास तेथें दीड हजार माणसें राहत होतीं. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना अशा नाना उद्योगांचें शिक्षण त्यांना मिळे. ज्या स्त्रियांना समाजानें पतित ठरविलें होतें, त्यांच्यासाठीं ‘कृपासदन’ निघालें. फुलम येथें पाहिलेल्या आश्रमाचें बीज असें केडगांवच्या माळावर रुजलें.

उत्तरायुष्यांत रमाबाईंनीं हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. अल्पशिक्षित बाईसहि समजावें म्हणून भारदस्त संस्कृत शब्द त्यांनीं बुद्धिपुरस्सर टाळले. ‘सरस्वती’ पदवी मिळविलेल्या पंडितेनें असा संयम पाळावा, ही गोष्ट लहान नव्हे. हें काम चालू असतांनाच २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा मृत्यु पावली. आई, वडील, बहीण, भाऊ, पति ह्यांच्या मागोमाग एकुलती एक कन्या, आणि कार्याची वारसदार, तीहि गेली. रमाबाईंचें वय तेव्हां त्रेसष्ट होतें आणि प्रकृति खालावलेली होती. तरीहि भाषांतराचें काम त्यांनीं तडीस नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. त्यांचें समग्र बायबल केडगांवच्याच छापखान्यांतून १९२४ सालीं बाहेर पडलें. खिळे जुळविणाऱ्या हातांत मुक्तींत वाढलेल्या स्त्रियांचे हात होते.

१८७४ सालचें दुःख आणि १९२१ सालचें दुःख ह्यांची तुलना केली म्हणजे ह्या चरित्राचा बोध स्पष्ट होतो. दोन्ही वेळां मृत्यु तोच आणि शोकहि तोच. पहिल्या वेळीं मात्र शोकाबरोबर एक भय होतें, कीं आपल्या पुण्याईंत कांहीं उणें पडलें म्हणून हें ओढवलें. दुसऱ्या वेळीं तें भय नव्हतें. म्हणून शोकाला अश्रूंचा मार्ग मोकळा राहिला आणि हातांना कामाचा. श्रद्धेनें रमाबाईंचें एकहि संकट टळलें नाहीं. परंतु प्रत्येक संकट म्हणजे देवाचा कोप, हें ओझें तिनें उतरविलें. आणि तें उतरल्यामुळेंच दुसऱ्यांचीं ओझीं उचलण्यास त्यांचे खांदे मोकळे झाले. केडगांवची संस्था आजहि चालू आहे, आणि निराधार स्त्रियांना व मुलांना तेथें आसरा मिळतो.