मांडवीकाठचा मे महिना

सुटीचा बेत हा इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे इतका गंभीर विषय नव्हे, असा एक समज आहे. राज्ये, तह आणि लढाया यांची नोंद दप्तरांत राहते. घरची माणसे मे महिन्यात चार दिवस पाण्याकाठी कोणत्या वाटेने गेली, कोठे उतरली आणि केव्हा परतली, हे लिहून ठेवण्याचे कोणास कारण पडत नाही. तथापि नगरे जशी कायमच्या रहिवाशांमुळे घडतात, तशीच ती चार दिवसांच्या पाहुण्यांमुळेही घडतात. गोमंतकाची राजधानी पणजी हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथे उन्हाळा घालवण्याचा बेत दीर्घकाळ पाण्याच्या हिशेबाने ठरत आला; आणि तो हिशेब सुटला तेव्हा पणजीस जाणे फार सोपे झाले, पण त्याबरोबर त्या नगराचा दर्शनी भागही पाहुण्याच्या दृष्टीआड गेला.

प्रथम स्थळाचा विचार करू. मांडवी समुद्रास मिळते त्या मुखापासून थोड्याच अंतरावर, नदीच्या डाव्या तीरावर पणजी वसली आहे. समोरच्या तीरावर रेइश मागुश व त्याच्या पश्चिमेस 1612 मधील आग्वादचा किल्ला. अलीकडे करंझाळे आणि दोना पावल. दक्षिणेस जुवारीचे विशाल मुख. चैत्र-वैशाखात नदीचे गोडे पाणी आटते आणि भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी मांडवीत कित्येक मैल आत शिरते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. जूनच्या आरंभी नैर्ऋत्येचा पाऊस कोसळू लागला की हेच दृश्य पालटते. नदीचे पाणी गढूळ व गोडे होते, मुखाशी वाळूचा दांडा वाढतो, लाटा फुटू लागतात आणि आग्वादचे बारे गलबतांस बंद होते. म्हणजे पाण्याकाठच्या मुक्कामास निसर्गाने दिलेली मुदत मे अखेरपर्यंतची. ही मुदत न पाळणाऱ्याची गय होत नसे.

गमतीची गोष्ट अशी की पणजी राजधानी झाली, तीच मुळी हवापालटासाठी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचे वैभव नदीच्या वरच्या अंगास, आज ज्यास आपण जुने गोवे म्हणतो तेथे एकवटले होते. त्या नगराची हवा मात्र कधीच निरोगी नव्हती. 1543 मध्ये पटकीने तेथे हाहाकार केला आणि पुढेही साथी येतच राहिल्या. धनिकांनी हळूहळू नदीच्या खालच्या अंगास, मोकळ्या वाऱ्याच्या दिशेने, सरकण्यास आरंभ केला. पणजीस तेव्हा विजापूरकरांच्या काळचा आदिलशाही वाडा, कोळ्यांची व शेतकऱ्यांची वस्ती, माडांची आगरे आणि दलदल एवढेच होते. 1630 नंतरच्या दशकात व्हाइसरॉय कोंद दि लिन्यारिश याने रायबंदर व पणजी यांना जोडणारा सुमारे दोन मैलांचा दगडी बांध घालून चिखलातून वाट काढली. तो आजही वापरात आहे. 1759 मध्ये व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड आदिलशाही वाड्यात हलविले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रू या राज्यपालाच्या कारकिर्दीत दलदली बुजवून सरळ रस्ते व इमारती उभ्या राहिल्या, आणि 1843 च्या राजाज्ञेने या गावास ‘नोवा गोवा’ या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला. चांगल्या हवेच्या शोधात एक राजधानीच काही कोस खाली सरकली, असे याचे सार सांगता येईल.

राज्यकर्त्यांनी जे एकदा केले, ते सामान्य गोमंतकीय कुटुंबे दरवर्षी करीत. या प्रथेस कोकणीत ‘मुदांस’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत मूळ शब्दाचा अर्थ ‘बदल’ असा आहे. गोमंतकात तो उन्हाळ्यातील समुद्रस्नानाच्या मुक्कामास रूढ झाला. बार्देशची मंडळी कळंगुटास, साष्टीची कोलव्यास आणि पणजीच्या आसपासची गास्पार दियश, करंझाळे किंवा दोना पावल येथे जात. गास्पार दियश म्हणजेच आजचे मिरामार. तेथे पूर्वी नदीमुखाच्या रक्षणासाठी एक किल्ला होता. 1835 च्या बंडाळीत तो नष्ट झाला. ज्या वाळूवर तोफा रोखलेल्या असत, तेथे पुढे लहान मुले व वृद्ध माणसे पाण्यात बसू लागली.

मुदांसास जाणे म्हणजे चैन करणे, अशी तेव्हा कोणाची भावना नव्हती. खाऱ्या पाण्याने सांधे मोकळे होतात, अंगावरची खरूज जाते आणि पावसाळा सोसण्याचे बळ येते, अशी दृढ श्रद्धा होती. म्हणून स्नाने मोजून घेतली जात आणि वैद्याचे औषध घ्यावे तशा नेमाने घेतली जात. किनाऱ्यावरच्या कोळ्याचे किंवा रेंदराचे घर काही दिवसांपुरते भाड्याने घ्यावयाचे. तांदूळ, भांडीकुंडी, अंथरुणे बैलगाडीत घालून न्यावयाची. मासळी तेथेच, रापण ओढली जात असता विकत घ्यावयाची. सकाळी स्नान, दुपारी पेज आणि झोप, संध्याकाळी वाळूवर गप्पा, असा दिनक्रम. श्रीमंत भाटकार व मध्यम स्थितीचा कारकून एकाच पाण्यात उतरत. जमिनीवरची उच्चनीचता पाण्यात अगदीच विरघळत असे, असे म्हणता येणार नाही. पण किनारा सर्वांचा, ही जाणीव या प्रथेने पिढ्यान् पिढ्या टिकविली. या लेखात जे सांगावयाचे आहे त्यात ही गोष्ट महत्त्वाची आहे.

हा मुक्काम लहान का असे, याचे उत्तर घरातील कोठारात सापडते. मे महिना हाच गोमंतकात ‘पुरुमेंता’चा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा महिना. मिरच्या वाळवणे, सुकी मासळी भरणे, सोले सुकविणे, चिंच व मीठ साठविणे, लाकूडफाटा आत घेणे, घरांचे छप्पर शाकारणे या कामांतून जे दिवस मोकळे राहत, तेवढेच समुद्राच्या वाट्यास येत. त्यातच मानकुराद आंबा आणि फणस यांचा बहर. घरच्या गृहिणीस हे गणित तोंडपाठ असे. सुटीचा बेत आखण्याचे शास्त्र तिच्याइतके पक्के कोणास अवगत असेल, असे वाटत नाही.

गोमंतकाबाहेरून येणाऱ्यांचे गणित अधिक अवघड होते. मुंबईहून पणजीस येण्याचा जुना मार्ग फत्तेमारीचा. रिचर्ड बर्टन हा इंग्रज अधिकारी 1847 मध्ये आजारपणाच्या रजेवर निलगिरीकडे निघाला असता मुंबईहून फत्तेमारीनेच पणजीस उतरला. त्या रजेवर त्याने लिहिलेले पुस्तक 1851 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील गोमंतकीयांविषयीचे शेरे अनेकदा कुचेष्टेचे आहेत. तरीपण प्रकृतीसाठी सुटी घेऊन मांडवीत शिरलेल्या पाहुण्याची एक जुनी नोंद म्हणून त्याकडे पाहता येते. पुढे वाफेच्या आगबोटी आल्या व प्रवासाचे दिवस घटले. पावसाळ्याची मुदत मात्र त्यांनाही चुकली नाही.

घाटावरच्या मंडळींस 1888 मध्ये दुसरी वाट मिळाली. पोर्तुगाल व ब्रिटन यांच्यातील 1878 च्या तहानंतर मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग बांधला गेला व तो दक्षिण मराठा रेल्वेस जोडला गेला. बेळगाव, धारवाड, हुबळी येथील कुटुंबांस लोंढ्यावरून दूधसागरच्या कडेने उतरून समुद्र गाठता येऊ लागला. सीमेवर जकातीची झडती, पुढे मुरगावास उतरणे आणि तेथून लाँचने पाणी ओलांडून तिसवाडीत येणे, असा तो क्रम. रेल्वे आली तरी पणजीत पाऊल टाकण्यापूर्वी नाव चुकत नसे. तिसवाडीस जुवारी व मांडवी यांनी दोन्ही बाजूंनी वेढलेले. उत्तरेकडून येणाऱ्यास बेती येथे, दक्षिणेकडून येणाऱ्यास कुठ्ठाळी येथे तर गाठावीच लागे. मोटरवर चालणाऱ्या या नावांस लोक ‘गॅसोलीन’ म्हणत.

मुंबई, बडोदे, इंदूर अशा ठिकाणी पोटापाण्यासाठी गेलेल्या गोमंतकीय हिंदू कुटुंबांस या प्रवासाचे आणखी एक प्रयोजन होते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील कुलदेवतांचे दर्शन, देवळाच्या अग्रशाळेत दोन रात्री, मग पणजीस आप्तांकडे मुक्काम, तेथील महालक्ष्मीचे दर्शन आणि समुद्रस्नान, असा बेत बांधला जाई. पणजीचे हे देऊळ 1818 मधील. राजधानीत हिंदूंच्या सार्वजनिक उपासनेस मोकळीक मिळाली त्याची ती खूण. मुलांना आपल्या घराण्याचे गाव, भाषा व देव यांची ओळख याच चार-सहा दिवसांत होत असे. शाळेच्या सुटीत त्यांच्या कानांवर जी कोकणी पडे, ती वर्षभर पुरवावी लागे.

म्हणूनच हा प्रवास तुटला तेव्हा जे तुटले, ते करमणुकीहून मोठे होते. 1954 पासून भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली. 15 ऑगस्ट 1955 रोजी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, त्यानंतर रेल्वेची वाहतूक बंद पडली आणि सीमा ओलांडणे परवान्यांवर अवलंबून राहिले. राजकीय दृष्ट्या ते अटळ असेल. परंतु लागोपाठ सहा उन्हाळे कित्येक घरांत आजीने नातवंडे पाहिली नाहीत, हेही त्या इतिहासातच मोडते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतरचा 1962 चा मे महिना अनेक कुटुंबांस पुनर्भेटीचा वाटला असल्यास नवल नाही.

मुक्तीनंतरच्या दोन-अडीच दशकांत मुंबई-पणजी बोटीचा प्रवास हा मराठी मध्यमवर्गाच्या सुटीचा एक सुखद अध्याय बनला. भाऊच्या धक्क्यावर वळकटी व फराळाचे डबे घेऊन डेकवर जागा धरावयाची. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत, पडावांतून उतारू चढता-उतरता पाहत, एक दिवस व एक रात्र काढावयाची. आणि दुसऱ्या दिवशी डावीकडे आग्वाद ठेवून मांडवीत शिरावयाचे. कांपालची झाडी, आदिलशाही वाडा, 1952 मध्ये उघडलेले मांडवी हॉटेल, टेकडीवरची पांढरी चर्च, असे नगर क्रमाक्रमाने उलगडत जाई. ज्यांनी ते बांधले, त्यांना ते असेच, पाण्यावरून, दिसावे अशी अपेक्षा होती. पणजीचे तोंड नदीकडे आहे; बोटीचा उतारू तिला तोंडावरून ओळखत असे.

त्यानंतरची हकीगत थोडक्यात सांगता येते. 1970 च्या दशकाच्या आरंभी मांडवीवर पूल झाला. 5 जुलै 1986 रोजी तो कोसळला व काही वर्षे लोकांस पुन्हा नावांचा आश्रय घ्यावा लागला. मग नवे पूल उभे राहिले, आणि 2019 मध्ये अटल सेतूची त्यांत भर पडली. बोटीचा प्रवास बंद पडला. 1998 मध्ये कोकण रेल्वे सलग सुरू झाली. दाभोळी व मोपा येथे विमाने उतरतात. आता पाहुणा बाराही महिने येतो व पणजीत मागील बाजूने शिरतो. नदीच्या पात्रात, नगराच्या अगदी समोर, जुगाराची जहाजे नांगरलेली असतात. किनारा सर्वांचा, ही मुदांसाने शिकविलेली गोष्ट आता कायद्याने, अर्जांनी व आंदोलनांनी पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते.

जुने दिवस परत आणावेत, असा याचा अर्थ नव्हे. बेतीच्या तरीसाठी तास तास खोळंबलेल्या आजाऱ्यास पुलाचे मोल विचारावे. परंतु जुन्या बेतातील शहाणपण आजच्या तीन दिवसांच्या सुटीतही वापरता येईल. मेचा शेवटचा आठवडा टाळून थोडे आधी यावे, म्हणजे पावसाशी शर्यत नको. एक सकाळ रायबंदरच्या बांधावरून जावे व तेथील फेरीबोटीने चोडणास उतरावे. खारफुटीतील पक्षी व ओहोटीचा चिखल पाहिल्यावाचून मांडवी कळत नाही. एक संध्याकाळ बेतीस जाऊन उलट यावे, म्हणजे काही मिनिटांपुरते का होईना, नगराचे तोंड दिसेल. मिरामारास वाळूवर बसावे, पण नदी व समुद्र यांच्या संगमावर ओढ जबर असते, म्हणून तेथे पोहण्याच्या भरीस पडू नये. जुनी माणसेही काठाशीच बसून स्नान करीत. उरलेला दिवस फोंड्याकडच्या देवळांस द्यावा, आणि परततांना सोले व सुक्या मिरच्या घेण्यास विसरू नये.

नगराचे नाते ज्या पाण्याशी असते, त्या पाण्याचा कल विचारून आलेला पाहुणा नगरास भार होत नाही. पणजीने असे पाहुणे पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत, आणि मांडवीची भरती-ओहोटी अजून पूर्वीच्याच वेळापत्रकाने चालते.