कल्याणहून समुद्राकडे: लांब किनारी सफरीच्या आरंभाचं गणित

कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याचा माणूस स्वतःच्या होडीने गोव्यापर्यंत जायचं ठरवतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण ही बंदरं असतात. तयारीही त्याच हिशोबाने चालते. पण या मुलखातून निघणाऱ्याची खरी परीक्षा वसईच्या अलीकडेच, खाडीत होते. होडी कशी असावी आणि कोणत्या तिथीला निघावं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पहिल्या चाळीसेक किलोमीटरमध्ये दडलेली आहेत; महिना तेवढा समुद्र ठरवतो.

उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते. एक फाटा कोलशेत, गायमुख, घोडबंदर करत वसईला समुद्राला मिळतो, तर दुसरा कळव्यावरून ठाणे खाडीत उतरून मुंबई बंदराला जातो. कल्याणच्या नौकानयनाला हे दोनच दरवाजे आहेत आणि ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती कल्याण, हा इतिहासाचा दाखला आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण हे बंदर म्हणून येतं, पण तिथे येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असंही त्यात नोंदलं आहे. शिवाजी महाराजांनी १६५७मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि इथे गलबतं बांधायला सुरुवात केली. कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता. पुढे पोर्तुगीजांनी आपली माणसं या कामावरून काढून घेतली. त्यामागची भीती उघड आहे. कल्याणला बांधलेली गलबतं समुद्रात जायची ती वसईवरून किंवा ठाण्यावरून, आणि ही दोन्ही ठिकाणं तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. ठाणे १७३७मध्ये आणि वसई १७३९मध्ये मराठ्यांनी घेतली, तेव्हाच हे दरवाजे मोकळे झाले.

आज दरवाजे अडवले आहेत ते गाळाने आणि पुलांनी. ठाणे खाडीवरचा रेल्वे पूल १८५४चा. त्या वर्षी गाडी कल्याणपर्यंत पोहोचली आणि उभ्या डोलकाठीच्या गलबतांची ही वाट आखडली. कळव्याच्या बाजूने शिडाची होडी नेण्याचा विचार सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पूल ठेंगणे, पाणी उथळ आणि दोन्ही काठांना चिखल. शिवाय पुढचा मोठा पट्टा रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे. वसईची वाट लांब असली तरी तीच धरावी.

या वाटेला साजेशी होडी म्हणजे मीटरभर पाण्यात तरंगणारी, सपाट तळाची, आडवी करता येईल अशा डोलकाठीची आणि भरवशाचं डिझेल इंजिन असलेली. खोल कण्याची नौका खुल्या समुद्रात निश्चित चांगली, पण ती ठेवायची तर मुंबई बंदरात. कल्याणच्या वरच्या अंगाला जलपर्णी आणि खाली प्लास्टिक, दोन्ही पंख्यात गुंततात. म्हणून पंख्यापर्यंत हात पोहोचेल अशी रचना असली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, भरती-ओहोटीचा. कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला पहाटे निघणाऱ्याला खाडीच्या तोंडाशी सर्वात कमी पाणी मिळतं. शुभ दिवस म्हणून पौर्णिमेची पहाट निवडणं या वाटेवर चुकीचं आहे.

पण हा हिशोब समुद्रकाठचा आहे. भरतीला खाडीतून वर चढायला वेळ लागतो. समजा, कल्याणला ती वसईपेक्षा दीड-दोन तास उशिरा पोहोचते. कल्याणच्या पूर्ण भरतीला नांगर उचलला, तर त्याआधीच वसईला ओहोटी सुरू झालेली असते. सहा तासांची ओहोटी सोबतीला आहे असं वाटतं, हाती लागतात चार. होडी तोंडाशी पोहोचते तेव्हा तिथल्या वाळूच्या दांड्यांवर पाणी उरलेलं नसतं. परतीच्या वेळी हेच उलटं होतं. भरती होडीबरोबर वर चढत येते, त्यामुळे तिची साथ लांबते. म्हणून येताना एका दमात येता येतं, जाताना मात्र दोन टप्पे करावे लागतात.

माझ्या हिशोबाने सप्तमी-अष्टमीची जोडी उत्तम. सप्तमीला वसईला सव्वापाचला भरती, म्हणजे कल्याणला सातच्या सुमारास. उजेडात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालून निघावं, डोंबिवलीचं मोठागाव, कशेळी, कोलशेत मागे टाकत ओहोटीबरोबर घोडबंदरपर्यंत यावं आणि दिवसभर तिथेच थांबावं. अष्टमीला सहाला भरती पूर्ण झाली की उजाडताच भाईंदरच्या पुलांखालून बाहेर पडावं. पहाटेचे मतलई वारे तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतात.

अष्टमीला भांग असतो, उधाण नसतं, आणि त्याचे फायदे आहेत. भरती बेताची चढते, त्यामुळे पुलाखाली जागा अधिक मिळते. प्रवाह नरम असतो. होडी वाळूवर चढलीच, तर पुढचे काही दिवस भरती वाढतच जाणार असते, त्यामुळे सुटायची आशा राहते. उलट उधाणाच्या ऐन भरतीला रुतलेली होडी पंधरवडाभर अडकून पडू शकते. तोटा एकच, पाणी खोल नसतं. तो तोटा उथळ तळाने भरून निघतो.

वसईच्या तोंडाबाहेर उत्तनपर्यंत डोल जाळ्यांचे खुंट समुद्रात रोवलेले असतात. हा पट्टा अंधारात ओलांडू नये. कोळ्यांकडून खुंटांच्या जागा आधी विचारून घ्याव्यात. ते आनंदाने सांगतात, कारण जाळं फाटलं तर नुकसान त्यांचंच असतं.

महिना निवडताना नारळी पौर्णिमेवर जाऊ नये. दर्या शांत होतो तो पुढे, आणि तोही पूर्ण नाही. ‘फयान’ चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर २००९ला आलं आणि ‘ओखी’ डिसेंबर २०१७च्या सुरुवातीला जवळून गेलं. मार्गशीर्षाच्या मध्यापासून माघापर्यंतचा काळ खात्रीचा, आणि त्यातही शुक्ल अष्टमी, म्हणजे पुढचा आठवडा रात्री चांदणं मिळतं. दुपारचा वायव्येचा वारा दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीवर येतो. तोच परतीला तोंडावर असतो, आणि उन्हाळ्याकडे जोर धरतो. म्हणून परतीसाठी जाण्याच्या दीडपट दिवस राखावेत आणि डिझेलचा एक तृतीयांश साठा कशासाठीही हात न लावता ठेवावा.

निघण्याची घाई किती महाग पडते, ते ‘रामदास’ बोटीने दाखवून दिलं आहे. १७ जुलै १९४७ला, गटारीच्या दिवशी, भर पावसाळ्यात ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. घरी सण होता, म्हणून माणसं निघाली होती. याच्या उलट उदाहरण नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांचं. गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही त्यांची शिडाची होडी फेब्रुवारी २००९मध्ये नौदलात दाखल झाली आणि ते एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले ते १९ ऑगस्टला. नौदलाचं पाठबळ असलेल्या अनुभवी खलाशानेही होडी ओळखायला सहा महिने घेतले. आपण निदान एक हिवाळा वसई ते मांडवा एवढ्यातच फिरून काढावा.

बाकी तयारी थोडक्यात. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे नोंदणी, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि जीवरक्षक जाकीट, व्हीएचएफ संचावर चॅनेल १६ सतत चालू, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांना पाठ, माणशी रोज चार लिटर गोडं पाणी, आणि मुक्कामांचं वेळापत्रक घरी लिहून ठेवलेलं.

कल्याण-ठाणे-वसई हा जलमार्ग २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला आहे आणि त्यावर प्रवासी जेट्ट्यांच्या योजना आहेत. सागरी मंडळाला विनंती एवढीच की प्रत्येक जेट्टीवर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी लावावी, आणि या वाटेवरच्या प्रत्येक पुलाच्या खांबावर पूर्ण भरतीला खाली किती मीटर मोकळे राहतात, तो आकडा मोठ्या अक्षरांत रंगवावा.